देव आणि नाल्याच्या मधलं घर

दोन हजार पंधरा साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. ती पहिल्यांदा माझ्या ओट्यावर आली, सुनेनं पेला भरून दिला, आणि तिनं तो तोंडाला लावायच्या ऐवजी जिभेचं टोक पाण्याला लावलं. मांजर दुधाला लावते तसं. मग पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुमी कशात येता?"

आमच्याकडे आल्या माणसाला पाणी देणं म्हणजे नुसतं पाणी देणं नसतं. पाहुण्यानं दोन घोट घेतले की मग बोलणं सुरू होतं. तहान नसली तरी लोक ओठ ओले करून ठेवतात. वैऱ्याच्या घरीही माणूस एवढं करतो. आणि ही बाई चव पाहून पेला बाजूला सारते, वर विचारते कशात येता.

मी म्हणलं, "गावात येतो. दुसऱ्या कशात येणार?"

"गावात म्हणजे ग्रामपंचायतीत का शहरात?"

"गाव म्हणजे गाव. पाणी प्यायचं नव्हतं तं हात जोडाचे. चाखून काहून पाहिलं?"

"खारं आहे," ती म्हणाली. एखाद्याचा ताप पाहून सांगावं तसं. माझा राग तिला दिसला असेल, पण तिनं तो अंगाला लावून घेतला नाही. उठली आणि नाला उतरून तिच्या नव्या घराकडे चालती झाली.

तिचं नाव मी लिहीत नाही. सगळं गाव तिला सिस्टर म्हणे, मीही तेच म्हणत होतो. मूळची धामणगाव रेल्वेची, पण नर्सची नोकरी सगळी मेळघाटात झाली, जास्त करून सेमाडोहाकडे. डोंगरात पायी हिंडून बाळंतपणं केलेली बाई. नाल्याच्या त्या काठावरून बोलली तर या काठावरच्या म्हशी मान वर करत. नवरा शाळामास्तर, तोही निवृत्त. त्याला सगळे गुरुजी म्हणत. गुरुजी फार कमी बोलायचे. दोघांच्या वाटणीचं तीच बोलून टाकायची.

शहराचंही नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या नोटीस येईल आणि मला पुन्हा त्या ऑफिसच्या पायऱ्या चढाव्या लागतील. अकोला आणि अमरावतीच्या मधे, पूर्णेच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा आहे. तुम्हाला माहीत नसेल तर एवढं समजा की इथं जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणा, बोअर मारा, खारंच. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध टाकलं की फाटतं. आम्ही त्यातच वाढलो. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढचं सगळं मातीत. त्याच पाण्यावर मी पालक आणि झेंडू काढला आणि शहराच्या बाजारात नेऊन विकला. त्या पाण्याला कोणी नाव ठेवलं की मला राग येतो. अजूनही येतो.

गुरुजींची गोष्ट अशी, की निवृत्तीनंतर दोघं काही वर्षं त्यांच्या गावी जाऊन राहिले. तेही पट्ट्यातलंच गाव. तिथं गुरुजींच्या किडन्या बिघडल्या. डॉक्टरनं सांगितलं, खारं पाणी बंद करा, नाहीतर रक्त धुवायच्या मशीनवर घ्यावं लागेल. म्हणून ही बाई त्यांना घेऊन शहराकडे आली. शहरात धरणाचं गोडं पाणी नळानं येतं. रोज येत नाही, पण येतं. तिला शहरातलं दुसरं काहीच नको होतं. गुरुजींसाठी गोड्या पाण्याचा एक नळ, एवढ्यासाठी तिनं प्लॉट घेतला. दलालानं सांगितलं, ताई, पक्की शहराची हद्द आहे. घर बांधून झालं, भिंतीला रंग लागला, आणि मग तिला कळलं की आपण शहरात आहोत का नाही हे सांगायला कोणी तयारच नाही.

आता जागा कशी आहे ते नीट ध्यानात घ्या.

आमचं गाव नाल्याच्या या अंगाला. नाला हीच गावाची शीव, म्हणजे हद्द, कोणाला आठवत नाही तेव्हापासून. नाल्याच्या काठावर शिवेचा म्हसोबा होता, शेंदूर लावलेला दगड. आषाढात सगळं गाव तिथं जाऊन गोवऱ्यांवर रोडगे भाजायचं, वांग्याची भाजी करायचं, आणि देवाच्या पुढं पाऊल टाकायचं नाही, कारण पुढं दुसऱ्याची शीव.

मग नाल्यावर मोठा पूल बांधायचं निघालं आणि देव पुलाच्या पायात यायला लागला. गावानं ठरवलं, देव आपणच उचलायचा, सरकारी हात लागू द्यायचा नाही. बल्ल्या बांधून डोली केली, चौघांनी खांदा दिला. पुढचा उजवा खांदा माझा होता. आमचा नेम असा की देव एकदा उचलला की वाटेत टेकवायचा नाही. जिथं टेकला तिथंच तो बसला. नाला ओलांडून दोन-चार पावलांवर बसवायचं ठरलं होतं. पण डफडं वाजत होतं, गुलाल उडत होता, समोर पडीक रान होतं आणि अडवायला कोणी नव्हतं. पाय थांबले नाहीत. चांगली चार वावरं ओलांडून आम्ही त्याला एका कडुलिंबाखाली टेकवला. गाव खूष. देव पुढं गेला म्हणजे आपली शीव पुढं गेली. देव टेकला तिथं शीव, असं तेव्हापासून लहानथोर सगळेच म्हणायला लागले.

पुढं शहर फुगत आलं. त्याची हद्द कागदावर थेट नाल्याला येऊन भिडली. पण पाइप टाकणारी माणसं कागद पाहत नाहीत, रस्त्यावरच्या माणसाला विचारतात. त्यांनी आमच्या माणसांना विचारलं, तुमचं गाव कुठून लागतं. आमच्या माणसांनी छाती फुगवून देव दाखवला. पाइप देवापाशी थांबला. त्याच्या तोंडाला टोपण बसवून मजूर निघून गेले.

सिस्टरचं घर देव आणि नाल्याच्या मधे. प्लॉट पाडलेल्या त्या अख्ख्या लेआउटमध्ये ते एकटंच उभं होतं. ती शहराच्या ऑफिसात गेली की ते म्हणत, देवाच्या पुढं ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीत आली की सरपंच म्हणे, नाल्याच्या पुढं आमचं काही नाही, देव तेवढा आमचा.

तेव्हा ती ज्याला त्याला विचारायला लागली. पोस्टमनला, मीटर पाहायला आलेल्या पोराला, देवापाशी येऊन गाणं वाजवत परत फिरणाऱ्या कचऱ्याच्या गाडीवाल्याला. आपलं कशात येते हो? लोक हसायचे. एकदा गॅसच्या टाकीवाल्यानं उलट तिलाच विचारलं, बाई, तुमी कशात येता. ती त्याला म्हणाली, "मले ठाऊक असतं तं तुले विचारलं असतं का?" तो टाकी ठेवून पळाला.

देवाच्या मागं, शहराच्या गल्लीत, एक सार्वजनिक नळ होता. पाणी आलं की ती स्कूटीवर पायाशी दोन कॅन ठेवून तिथं जायची. तिथल्या बाया तिला रांगेत उभं राहू देत नसत. तुमी आमच्यात येत नाही म्हणायच्या. ती भांडायची, भरायची आणि परत यायची. उन्हाळ्यात रस्त्याच्या खड्ड्यात स्कूटी घसरून दोन्ही कॅन सांडले, तेव्हा मी माझ्या काठावरून पाहत होतो. ती कोपर झटकत उठली, सांडलेल्या पाण्याकडे पाहत उभी राहिली, आणि पुन्हा गल्लीकडे गेली. मी हाक मारली नाही. माझी विहीर भरलेली होती, पण ते पाणी तिला चालणार नव्हतं, आणि ते ऐकून घ्यायची माझी इच्छा नव्हती.

तुम्ही म्हणाल, विकतचे कॅन मिळतात. मिळत होते. कॅनवाला चाचा मोठा गोड माणूस. पण आला तर आला, नाही तर मोबाइल बंद. आणि तो आला की ही फाटकातच उभी राहून प्रत्येक कॅनचं झाकण उघडायची आणि बोट बुडवून जिभेला लावायची. चाचा कळवळून म्हणायचा, दीदी, फिल्टर का है. ती म्हणायची, "फिल्टर तुमचं असन, जीभ माही आहे." अर्धे कॅन परत जायचे.

मला ती आवडत नव्हती हे मी लपवत नाही. एक दिवस नाल्यातून चढून आली, मी ओट्यावर पाय सोडून बसलो होतो, तर सरळ माझ्या पायाशी बसली आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच. किती दिवसांपासून आहे म्हणून विचारलं. मी म्हणलं, म्हातारपण आहे.

"म्हातारपणाले खड्डा नाही पडत, बाबा. रक्त तपासा."

मी पाय धोतरात ओढून घेतला. आमचे बापजादे हेच पाणी पिऊन गेले, त्यांना कोणी दाबून पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, म्हणूनच गेले. या बोलण्यावर मी तिच्याशी आठवडाभर बोललो नाही. तिला ते कळलंही नसावं. ती रोज नाल्याच्या पलीकडून ओरडून विचारायची, तपासलं का.

देव हलवल्याची गोष्ट तिला माझ्या सुनेनं सांगितली. सून बोलघेवडी आहे. त्याच दिवशी सिस्टर आली. या वेळी बसली नाही. पहिला देव कुठं होता, एवढंच विचारलं. मी नाल्याकडे तोंड फिरवलं. तिनं पुन्हा विचारलं. शहराच्या ऑफिसात येऊन एवढंच सांगा, म्हणाली, की हद्द नाल्यावर आहे आणि देव तुम्ही हलवला. बाकी काही नको. शहराचे लोक देव पाहून थांबले आहेत, तुमचं ऐकून पुढं सरकतील.

ते सांगणं सोपं नव्हतं. देव बसला होता ती जमीन शहराची. परवानगी नाही, कागद नाही. तो तिथला नाही असं आम्ही आपल्या तोंडानं म्हणलं की उद्या खोदायचं मशीन येऊन देवाचा ओटा उखडणार. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही समजत होतं. मी तिला म्हणलं, देव टेकला तिथं शीव.

तिनं वळून नाल्यापलीकडच्या आपल्या घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्या देवाले खारं पाणी चालते, बाबा. माह्या माणसाले नाही चालत."

माझं डोकं फिरलं. मी तिला ओट्यावरून उतर म्हणलं. उतरली. फाटकापाशी सुनेला म्हणाली, बाबांच्या जेवणात मीठ कमी कर. एवढं ऐकून घेतल्यावरही.

त्याच आठवड्यात सरपंचानं मारोतीच्या पारावर सगळ्यांना बोलावलं. सरपंच म्हणजे माझ्या पुतण्याच्या वयाचा. शहराचे साहेब विचारायला आले तर देव पहिल्यापासून तिथंच आहे म्हणून सांगायचं, असं त्यानं ठरवून दिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला ते पटतच होतं. पण उठता उठता तो माझ्याकडे वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बुवा, तुमाले वेगळं सांगून राहिलो. तोंड बंद ठेवा."

आम्ही देव उचलला तेव्हा हा पाळण्यात होता. बाप्पा, मला माझ्या बायकोनं जन्मात तोंड बंद ठेवा म्हणलं नाही. मला कोणी एखादी गोष्ट करू नको म्हणलं की माझे हात शिवशिवतात. हा गुण म्हणा का खोड म्हणा. मी घरी गेलो, धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली, नाल्याच्या काठावर उभा राहिलो आणि ओरडलो, "सिस्टर, गाडी काढा."

तिनं लगेच स्कूटी बाहेर आणली. मी जन्मात अशा गाडीवर बसलो नव्हतो. धोतराचा सोगा चाकात जाईल म्हणून तिनं तो माझ्या मांडीखाली खोचून दिला आणि म्हणाली, घट्ट धरा, पण मले नका धरू, गाडीले धरा. आम्ही देवावरून गेलो तेव्हा मी हात जोडले, आणि गाडी लचकली म्हणून लगेच सोडले.

ऑफिसातला इंजिनीअर पोरगेला होता. बसा म्हणाला, पाणी मागवलं. मी उभाच राहिलो. त्याला म्हणलं, "देव आमी हलवला. याच खांद्यावर. हद्द नाल्यावर आहे. या बाईचं घर तुमच्यात येते."

तो हसला. म्हणाला, आजोबा, नकाशातही हद्द नाल्यावरच आहे.

मला आधी वाटलं मी नीट ऐकलं नाही. मग ऐकू आलं. मी विचारलं, "तुले ठाऊक होतं तं हिले दीड वर्ष काहून फिरवलं?"

तो म्हणाला, साइटवरून तसा रिपोर्ट होता. साइटवर हद्द देवापाशी दाखवली आहे. मी टेबलावर मूठ आपटली तेव्हा त्याची पाण्याची बाटली आडवी झाली. मी सगळ्या गावाशी वैर घेऊन, देवाकडे पाठ फिरवून जे सांगायला आलो, ते त्याच्या भिंतीवर टांगलेलं होतं. सिस्टर मात्र चिडली नाही. माझा दंड धरून तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि त्याला शांतपणे विचारलं, मग नळ कधी.

त्यानं लवकरच म्हणलं.

आधी घरपट्टी आली. मग पुलावर पाटी लागली, शहरात आपले स्वागत आहे. मग देवाला नोटीस आली, रस्त्यावरचं अतिक्रमण म्हणून. पाइपही आले, काळे, जाडजूड, तिच्या फाटकासमोर रचून ठेवले. पण जमिनीत गेले नाहीत. पाइप मंजूर आहे, म्हणाले, खोदकाम मंजूर व्हायचं आहे. पाइप एका साहेबाचा आणि खड्डा दुसऱ्या साहेबाचा. ती रोज सकाळी उठून त्या ढिगाला वळसा घालून गल्लीतल्या नळावर जायची. आता तिथल्या बायांना ती घरपट्टीची पावती दाखवायची. तरी त्या रांगेत घेत नसत.

गावानं माझ्याशी बोलणं टाकलं. मी पारावर गेलो की लोक उठायचे. आषाढात माझ्या घरचे रोडगे देवापुढं ठेवू दिले नाहीत. सून रडत टोपली परत घेऊन आली. ते रोडगे मी एकट्यानं खाल्ले, दोन दिवस, शिळे झाल्यावरही.

देव उखडायला मशीन आलं त्या दिवशी सगळं गाव कडुलिंबाखाली जमलं. मी जरा लांब उभा होतो, कारण माझ्याजवळ कोणी उभं राहत नव्हतं. सरपंच हात जोडून काहीतरी म्हणत होता. साहेबाचा माणूस घड्याळ पाहत होता. तेवढ्यात सिस्टर आली. घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली होती. ती तिनं मशीनच्या दातांसमोर ठेवली आणि वर बसली.

साहेबाचा माणूस म्हणाला, बाई, उठा, तुमी तं शहरातल्या, तुमचं या देवाशी काय?

"मी शहरातली आहे हे तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकून राहिली," ती म्हणाली. "अजून एकदा म्हणा. सगळ्या लोकाईले ऐकू द्या."

लोक हसले. तो चिडला. तिनं मांडी बदलली आणि म्हणाली, "आधी नळ. मंग देव. हे मशीन खणायचंच आहे ना, मंग माह्या फाटकापर्यंत चर खणून द्या अन् नंतर देवाले हात लावा. मी सोता बाजूला होते."

त्यांच्याकडे तसा हुकूम नव्हता. उखडायचा होता, खणायचा नव्हता. दुपार झाली, मशीनवाल्याला भूक लागली, आणि ते धूर सोडत परत गेलं. पुन्हा आलं नाही. कोणता साहेब बदलला, काय झालं, मला माहीत नाही. त्या संध्याकाळी गावातून तिच्या घरी रोडग्यांची टोपली गेली. माझ्या घरी गेली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

म्हणजे असं झालं, की देव तिथंच राहिला, पाइप तिच्या दारात पडून राहिले, आणि गुरुजींचा चेहरा सुजायला लागला.

गुरुजींशी मी नीट बोललो तो एकदाच. ती ऑफिसात गेली होती आणि ते व्हरांड्यात बसले होते, पायावर शाल, उन्हाळा असूनही. त्यांचा पेला छोटा, चहाच्या कपाएवढा. त्यातलं पाणी ते इतक्या सावकाश पीत होते की मला पाहवत नव्हतं. मी म्हणलं, गुरुजी, तुमच्या बाईला जरा दम खायला सांगा, रोज भांडून पडेल एखाद्या दिवशी. ते म्हणाले, "भांडू द्या, बाबा. भांडते तोवर तिला भीती वाटत नाही."

मी त्या माणसापुढं पहिल्यांदा मान खाली घातली. एवढे दिवस मी तिचा राग पाहत होतो. तिच्यात भीती असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला दुसऱ्याचा राग म्हणजे रागच वाटतो.

वैशाखात डॉक्टरनं गुरुजींना मशीनवर घ्या म्हणून सांगितलं. अमरावतीला तिच्या बहिणीचं घर होतं, दवाखान्याजवळ, घरात नळ. तिनं जायचं ठरवलं. तयारी एका दिवसात केली. नोकरीत बदल्यांची सवय असलेली बाई, दोन पेट्या, एक गादी, झालं. ऑटोवाला सामान जास्त आहे म्हणून कुरकुर करत होता तर त्याच्याशीही भांडली. मग गुरुजींना धरून बसवलं, त्यांच्या पाठीला उशी दिली, घराला कुलूप लावलं. कुलूप ओढून पाहिलं. मी नाला ओलांडून गेलो होतो. मी तिला म्हणलं, रक्त तपासलं. खोटं बोललो. तिला ते कळलं असेल, कारण तिनं काय निघालं म्हणून विचारलं नाही.

ऑटो सुरू झाला तेव्हा तिनं डोकं बाहेर काढलं आणि ओरडून म्हणाली, "नळ आला की फोन करा, बाबा. त्याच दिवशी येतो आमी."

ते दोघं आले नाहीत. गुरुजी अमरावतीलाच पावसाळ्यात वारले. ती पुढं धामणगावला भावाकडे राहायला गेली. मी फोन केला होता नळ आल्यावर. तिनं ऐकून घेतलं आणि गोडं आहे का म्हणून विचारलं. मी हो म्हणलं. बरं झालं म्हणाली. नंतर दोन वर्षांनी तीही गेल्याचं सुनेला कळलं.

आता त्या घरात भाडेकरू आहेत. ते त्या पाण्यानं गाडी धुतात. मी या काठावरून पाहतो. एकदा ओरडलो तर तो पोरगा म्हणाला, आजोबा, टॅक्स भरतो. लेआउटात आणखी घरं झाली, सगळ्यांना नळ आहेत, आणि त्यांच्यापैकी एकालाही कधी कोणाला विचारावं लागलं नाही की आपण कशात येतो. बसल्या जागी पाणी आलं. नाल्याच्या या अंगाला आम्ही अजून खारंच पितो, कारण हद्द नाल्यावर आहे. ते मीच सांगून आलो आहे.

पण हे सगळं नंतरचं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकर खाल्ली, कुदळ आणि फावडं घेतलं आणि पूल ओलांडून कडुलिंबाखाली गेलो. पाइपाचं टोपण कुठं आहे ते मला माहीत होतं. तिथून तिच्या फाटकाकडे नजर टाकली, पायानं माती उकरून चराची रेघ ओढली. वैशाखातली काळी जमीन, भेगा पडलेली, वरून लोखंडासारखी. पहिला घाव उसळून आला आणि मनगट झिणझिणलं. दुसरा बसला.

दूध घालून परत येणारी माणसं सायकली थांबवून पाहायला लागली. मग सरपंचाची मोटारसायकल आली. त्यानं गाडी बंद केली नाही, बसल्या बसल्याच विचारलं, बुवा, कोणाच्या हुकमानं खणून राहिले? ती बाई तं गेली, आता कोणासाठी?

मी टोपी काढून बाजूला ठेवली आणि त्याला म्हणलं, "सरक. अंगावर माती उडन."